हापूस बागेचं न्यूजलेटर: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

६ जानेवारी, सोमवार

काम: देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारासाठी ईमेल न्यूजलेटर उभं करायचं. विक्री थेट ग्राहकाला. ग्राहक मुख्यतः पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक. थोडे परदेशात, जे इथल्या आईवडिलांच्या पत्त्यावर पेटी पाठवतात. आजवर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथल्या दोन अडचणी: ब्रॉडकास्ट यादीत २५६ च्या वर नंबर बसत नाहीत, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. पाठवणाऱ्याला मात्र सगळ्यांना गेला असंच वाटतं.

ठरलं ते असं. पत्र मराठीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरवड्याला एक, एप्रिलमध्ये आठवड्याला एक, मे अखेर बंद. प्रत्येक अंकाचं काम एकच: एक तर तोडीची खबर द्यायची, नाही तर ऑर्डर घ्यायची, नाही तर एखाद्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तिन्ही एकाच अंकात कोंबायची नाहीत. "जागा आहे तर लोणच्याचंही टाकूया" असा आग्रह होणार, हे गृहीत धरलं आहे.

यश कशावरून मोजायचं तेही आजच लिहून ठेवलं: न्यूजलेटरमधून आलेल्या ऑर्डरी आणि आलेली उत्तरं. किती जणांनी मेल उघडला हा आकडा तक्त्यात घेतलेला नाही. कारण पुढे लिहिलं आहे.

९ जानेवारी

यादी. तीन ठिकाणचे पत्ते हाती आले: मागच्या ऑर्डरींची एक्सेल शीट, प्रदर्शनातल्या स्टॉलवरची वही आणि मालकांच्या फोनमधले संपर्क.

वही बाजूला ठेवली. त्यात लोकांनी पत्ता लकी ड्रॉसाठी दिला होता, मेल येत राहावेत म्हणून नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची व्याख्या काटेकोर आहे: मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली. ती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. पण कायदा नसता तरी वही वापरू नयेच. आपल्याला न ओळखणारी माणसं 'स्पॅम' दाबतात, आणि त्याचा भुर्दंड ओळखणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मेलला बसतो. फोनमधले संपर्कही याच न्यायाने वगळले.

मागच्या दोन हंगामांत पेटी घेतलेल्यांना एकच मेल जाईल: पत्र हवं असेल तर हे बटन दाबा. न दाबणारा यादीबाहेर. यादी अर्ध्याहून लहान होईल असं मालकांना आधीच सांगून ठेवलं.

शीट साफ करताना सापडलेलं:

'जीमेल'च्या जागी 'जीमाइल', 'गमेल'. शेवटच्या 'कॉम'चं 'कॉन'. फोनवर घाईत टाइप केल्याचे परिणाम. उघड चुका हातानेच दुरुस्त केल्या. शंका असलेल्या पत्त्यांसाठी ऑर्डरीवरच्या नंबरला फोन.

पत्त्याच्या शेवटी अदृश्य स्पेस. एक्सेलमध्ये दिसत नाही, पण न्यूजलेटर पाठवणाऱ्या मेल सेवेत पत्ता 'अवैध' ठरतो.

एकच माणूस दोनदा: जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, म्हणून टिंबासह आणि टिंबाविना दोन्ही पत्ते एकाच पेटीत जातात.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) दुहेरी क्लिक करून उघडली की मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरं, आणि ९१ ने सुरू होणाऱ्या मोबाइल नंबरांचं '९.१९ई+११' असं काहीतरी. फाइल बरोबर असते, एक्सेल ती चुकीची वाचतं. त्याच अवस्थेत सेव्ह केली की मात्र नंबर कायमचे गेले. फाइल नेहमी 'डेटा' मेनूतून आयात करायची, एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८, नंबराचा रकाना 'टेक्स्ट'. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरात, फक्त वाचण्यापुरती.

११ जानेवारी

नाव घालायचं की नाही यावर तासभर. इंग्रजी मेलमध्ये सुरुवातीला नाव चिकटवणं सोपं, मराठीत ते अंगाशी येतं. शीटमध्ये नावं तीन तऱ्हेची: 'एस. पाटील', सगळी कॅपिटल रोमन, आणि काही ठिकाणी आडनाव आधी. त्यात मराठीला विभक्ती लागते. 'सुनीता'ला 'ला' लावायचं तर 'सुनीताला', पण शीटमध्ये 'सुनीता जोशी (ऑफिस)' असेल तर? शिवाय आजी म्हणावं अशा बाईंना नुसत्या नावाने हाक मारणारं पत्र दुकानदाराकडून येऊ नये. निर्णय: नाव नाही. सुरुवात 'नमस्कार,' एवढीच, आणि शेवटी बागायतदाराचं नाव व फोन नंबर. आपुलकी पत्रातल्या मजकुरातून दिसू दे.

१५ जानेवारी

डोमेनचं काम. सगळ्यात कंटाळवाणं, आणि हेच चुकलं तर पुढचं सगळं वाया.

आधी पाठवणाऱ्याचा पत्ता. मालकांचा आग्रह नेहमीच्या जीमेल पत्त्याचा. ते चालणार नाही: जीमेलचा पत्ता 'प्रेषक' म्हणून लावून मेल दुसऱ्याच सर्व्हरवरून पाठवणं याला गूगल तोतयेगिरी समजतं. स्वतःचं डोमेन होतंच. त्यावर न्यूजलेटरसाठी 'पत्र' नावाचं उपडोमेन (मुख्य डोमेनला जोडलेलं पोटनाव) काढलं, म्हणजे उद्या न्यूजलेटरची पत घसरली तरी बिलं आणि ऑर्डरीचे मेल जाणाऱ्या मुख्य डोमेनला झळ कमी.

मग डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, तीन नोंदी.

एसपीएफ: या डोमेनच्या वतीने मेल पाठवायला कोणते सर्व्हर अधिकृत, त्याची यादी. मुख्य डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी सापडल्या, एक वेबसाइटवाल्याने घातलेली, दुसरी मेलबॉक्सवाल्याने. दोन असल्या की दोन्ही बाद: तपासणारा सर्व्हर त्रुटी समजून सोडून देतो. एकत्र करून एक केली. एका नोंदीत डीएनएसच्या जास्तीत जास्त १० चौकश्या चालतात. प्रत्येक 'इन्क्लूड' (दुसऱ्या सेवेची यादी जोडून घेणारा शब्द) किमान एक खातो, आणि त्याच्या पोटातले आणखी. आपल्या एकत्र केलेल्या नोंदीत ७ झाल्या. ठीक.

डीकेआयएम: प्रत्येक मेलवर सही. २०४८ बिटांची किल्ली घेतली. ही किल्ली डीएनएसच्या एका मजकूर-तुकड्यात मावत नाही, कारण तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलने ती मुकाट्याने कापली आणि वर 'सेव्ह झालं' असा हिरवा टिकमार्क दिला. किल्ली अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून घातली तेव्हा सही जुळली. पॅनेलच्या टिकमार्कवर भरवसा नाही. जीमेलमध्ये चाचणी मेल उघडून 'शो ओरिजिनल'मध्ये तिन्ही ठिकाणी 'पास' दिसला तरच काम झालं.

डीमार्क: वरच्या दोन्ही नापास झाल्या तर काय करायचं, याची सूचना. सुरुवातीला धोरण 'नन', म्हणजे काही करू नका, फक्त अहवाल पाठवा. अहवालांसाठी वेगळी मेलपेटी.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रेषकांसाठी या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास पाठवणारा तो मोठा, असं गूगलचं माप. आपली यादी त्याच्या जवळपासही नाही. तरी तिन्ही केल्या, कारण नव्या उपडोमेनला दुसरी ओळख नसते.

२१ जानेवारी

टेम्प्लेट. सेवेतला तयार साचा घेतला आणि त्यात मराठी मजकूर ओतला. शीर्षकाकडे पाहिल्यावर लगेच कळलं की साचा रोमन लिपीसाठी बनलेला आहे: 'हापूस' तीन सुट्या खुंट्यांवर टांगल्यासारखा दिसत होता. शीर्षकाला एक पिक्सेलचं 'लेटर-स्पेसिंग' (अक्षरांमधली जादा जागा) होतं. रोमन अक्षरांत त्याने ऐट येते, देवनागरीत शिरोरेषा तुटते. सगळीकडे शून्य केलं.

त्याच फेरीत बदललेलं:

ओळीची उंची १.४ ची १.७. रोमनला १.४ पुरते, पण मराठीत वर वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार, दोन ओळी एकमेकींना टेकतात. आउटलुकमध्ये तर 'पूर्ण'चा रफार वरच्या कडेला कापला गेला होता.

अक्षर १७ पिक्सेल. १४ ला जोडाक्षरं गुठळी होतात, ठळक केली की आणखीच. तिरपं अक्षर काढलंच. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खरं तिरपं रूप नसतं, संगणक अक्षर नुसतं ढकलून दाखवतो.

'जस्टिफाय' (ओळींच्या दोन्ही कडा सरळ करणं) बंद. मराठी शब्द लांब, मोबाइलचा पडदा अरुंद, मध्ये दारं उघडल्यासारख्या फटी पडतात.

वेबफॉन्ट (इंटरनेटवरून उतरणारा फॉन्ट) काढला, जीमेल तो घेतच नाही. यंत्रावर जो आहे तो: विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो, अ‍ॅपलवर कोहिनूर. एचटीएमएलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवली. ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श आहेत तिथे ते मिळतात, आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडतं.

रुंदी ६०० पिक्सेल, एकच रकाना. बटन म्हणजे रंगीत पार्श्वभूमीचा तक्त्याचा कप्पा, चित्र नव्हे, कारण विंडोजवरचं जुनं आउटलुक वर्डच्या यंत्रणेने मेल दाखवतं आणि दुव्याला दिलेली पॅडिंग (भोवतीची मोकळी जागा) खातं. बटनाची उंची किमान ४४ पिक्सेल, अंगठ्यासाठी.

डार्क मोडमध्ये काळा लोगो काळ्यावर गडप. पारदर्शक पीएनजीला पातळ पांढरी कड दिली.

मोठा वाद पोस्टरवरून झाला. व्हॉट्सअ‍ॅपची सवय अशी की भाव, तारीख, फोन नंबर सगळं एका चित्रात छापायचं आणि ढकलून द्यायचं. मेलमध्ये चित्रं बंद असली की तिथे कोरी चौकट. चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही. 'हापूस पेटी' असं मेलपेटीत शोधलं तर असं पत्र सापडत नाही. म्हणून चित्र एकच, खोक्याचं. त्याचा पर्यायी मजकूरही (चित्र दिसलं नाही तर त्या जागी येणारा) नीट लिहिलेला: 'फोटो १' नव्हे, 'पेंढ्यात मांडलेला दोन डझनांचा खोका'.

२४ जानेवारी

वजन. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठ्या मेलचं शेपूट कापतं आणि 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा लावतं. कापलेल्या शेपटीतच 'अनसबस्क्राइब' असतो. तो दिसला नाही की माणूस समोर दिसणारं 'स्पॅम' दाबतो.

आपला पहिला मसुदा ९६ केबी, म्हणजे काठावर. मराठीवर खापर फोडण्याआधी मोजलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटांचं. पण सेवेचा एडिटर प्रत्येक चिन्ह अंकी संकेतात बदलत होता (अँपरसँड, हॅश, चार आकडे, अर्धविराम), म्हणजे ७ बाइट. साधारण ४,००० चिन्हांच्या मजकुराला १२ केबीऐवजी २८. ती सेटिंग बंद केली. उरलेलं वजन मजकुराचं नव्हतंच: एडिटरने प्रत्येक परिच्छेदाला तेच ते शैलीचे नियम पुन्हा चिकटवले होते. साचा हाताने लिहिला. आता सगळं मिळून ३४ केबी.

साध्या मजकुराची प्रतही जोडली. एडिटर ती आपोआप बनवतो, पण त्यात दुव्यांचा उकिरडा होतो. हाताने लिहायला दहा मिनिटं लागतात.

२९ जानेवारी

सब्जेक्टमधलं भूत.

स्वागताचा मेल वेबसाइटवरच्या आपल्याच स्क्रिप्टमधून जातो. त्याचा सब्जेक्ट सोमवारी 'देवगड हापूस: पहिली तोड' असा होता, चाचणीत झकास दिसला. मंगळवारी कोणीतरी कोलन काढला. आज 'पहिली'च्या शेवटी काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह. कोलन काढल्याने मेल बिघडतो, हे आधी कोणालाच पटेना.

कारण असं. मेलच्या शीर्षभागात देवनागरी थेट जात नाही, तुकड्यांत बांधून जाते. एका तुकड्याची कमाल लांबी ७५ अक्षरं. त्यातली १२ आवरणाची, उरलेल्या ६३ मध्ये चारच्या पटीत ६० बसतात, म्हणजे मूळ मजकुराचे ४५ बाइट. आपली स्क्रिप्ट दर ४५ बाइटांनी डोळे मिटून सुरी चालवत होती. आता मोजा: 'देवगड' १५ बाइट, स्पेस १, 'हापूस' १५, कोलन १, स्पेस १, इथवर ३३. पुढे 'प', 'ह', ऱ्हस्व वेलांटी आणि 'ल' यांचे १२, बरोब्बर ४५. सुरी 'ल' आणि दीर्घ वेलांटीच्या मध्ये पडते, दोन्ही तुकडे सुखरूप आणि जोडल्यावर शब्द पूर्ववत. कोलन गेला की 'ल' ४४ वर संपतो, आणि सुरी तीन बाइटांच्या वेलांटीच्या पोटात.

उपाय: बाइट न मोजता पूर्ण चिन्हं मोजून तुकडे करायचे. मेलच्या मानकातही एका तुकड्यात अर्धं चिन्ह नसावं असाच नियम आहे. स्क्रिप्ट बदलली, आणि स्पेस, आकडे, कोलन यांची सरमिसळ असलेले वीस सब्जेक्ट चाचणीला लावले. नुसती अक्षरं असलेला सब्जेक्ट चाचणीला घेऊ नये, त्यात हा दोष लपतो.

सब्जेक्टच्या मजकुराचा नियम: महत्त्वाचा शब्द पहिल्या ३० चिन्हांत. 'आनंदाची बातमी!!' बाद. 'पहिली तोड १२ मार्चला' चालेल. पत्राची पहिली ओळ (प्रीहेडर) सब्जेक्ट पुढे नेते. ती दिली नाही तर तिथे 'नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये पाहा' येतं, आणि इनबॉक्समधली सगळ्यात मोक्याची जागा त्यात जाते.

३ फेब्रुवारी

पहिल्या अंकाचा मजकूर. चाचणीत 'शेतकऱ्यांकडून'चं 'शेतकर्यांकडून' झालेलं. टाइप करणाऱ्याची चूक नाही. जुन्या पद्धतीने हा अर्धा र लिहिताना र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक घालतात. यादीतले अदृश्य स्पेस काढायला लिहिलेली साफसफाईची स्क्रिप्ट कोणीतरी मजकुरावरही चालवली आणि जोडक झाडून टाकला. आता मजकुरात सगळीकडे नुक्त्याचा ऱ वापरायचा, त्याला जोडक लागत नाही. साफसफाई फक्त पत्त्याच्या रकान्यावर.

मजकुरातून काढलेले शब्द: अस्सल, दर्जेदार, नैसर्गिक, खास आपल्यासाठी. रस्त्यावर कर्नाटकी आंबा 'देवगड' म्हणून विकणाराही हेच चार शब्द वापरतो. त्याला लिहिता येणार नाही ते लिहायचं: कोणत्या कलमांची तोड, कोणत्या तारखेला, फळाचं वजन किती ग्रॅम, पेंढ्यात किती दिवस. 'चौदा आणे तयार झाल्यावर देठासकट काढलेलं, खोक्यात कडक पोचेल, घरी आठवडाभरात पिकेल' या ओळीने फोनवरचे निम्मे प्रश्न मिटावेत. कडक फळ पाहून 'कच्चा पाठवला' अशी तक्रार येते, ती आधीच सांगितली नाही म्हणून.

'कार्बाइड नाही' हे मोठ्या अक्षरात हवं होतं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे कायदा पाळतो अशी जाहिरात थोडी विचित्र दिसते. एका ओळीत, पिकवण्याच्या पद्धतीसोबत ठेवलं.

हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं. नाव वापरायचं तर बागायतदार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला हवा. यांची नोंद आहे, प्रमाणपत्राचा क्रमांक तळटीपेत. तळटीपेतच टपालाचा पूर्ण पत्ता आणि हा मेल तुम्हाला का आला याची एक ओळ: 'तुम्ही मागे आमच्याकडून पेटी घेतली आणि पत्र हवं असं कळवलं, म्हणून.'

१० फेब्रुवारी

पहिली पाठवणी, टप्प्याटप्प्याने. नव्या उपडोमेनवरून पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठवलं तर मेलसेवा संशय घेतात. पहिल्या दिवशी १००, दोन दिवसांनी २००, मग ४००, मग उरलेले. क्रम अकारविल्हे नाही: ज्यांनी गेल्या मे महिन्यात पेटी घेतली ते आधी. तेच उघडतील, तेच उत्तर देतील, आणि पहिली छाप त्यांच्यामुळे चांगली पडेल.

वेळ सकाळी १०. कोणत्या वेळी जास्त लोक मेल उघडतात यावर सल्ले ढीगभर आहेत. आपलं कारण साधं: पत्र गेल्यावर पुढचे दोन तास फोन वाजतो, आणि तो उचलायला माणूस १० ते १ असतो.

१४ फेब्रुवारी

परत आलेले मेल. '५५० ५.१.१' म्हणजे असा पत्ताच नाही: लगेच आणि कायमचा काढायचा. '४५२ ४.२.२' म्हणजे पेटी भरलेली: तीन अंक वाट पाहून मग काढायचा. सेवा दोन्हींना 'बाउन्स' म्हणते, म्हणून कोड बघितल्याशिवाय काही पुसायचं नाही.

उत्तरं येऊ लागली, बरीचशी रोमनमध्ये: 'peti kadhi milel' छापाची. 'नो-रिप्लाय' पत्ता न ठेवण्याचा हा फायदा. ज्याला आपण उत्तर देतो त्याच्याकडे आपला पुढचा मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता घटते, आणि पुढच्या अंकाचे विषयही इथेच मिळतात. त्याच दिवशी उत्तर द्यायचं, एक माणूस नेमला.

२७ फेब्रुवारी

मालकांचा प्रश्न: किती जणांनी उघडला? सांगितलं तो आकडा खोटा कसा ते. उघडल्याची नोंद म्हणजे मेलमधलं एक अदृश्य चित्र लोड होणं. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयता चालू असेल तर ते चित्र माणसाने मेल पाहिला नाही तरी लोड होतं. उलट चित्रं बंद ठेवून वाचणारा मोजलाच जात नाही.

क्लिक जरा बरे, पण ऑफिसच्या मेलवरची सुरक्षा यंत्रणा सगळे दुवे स्वतःच दाबून बघते. पत्र पोचल्यानंतर काही सेकंदांत, एकाच पत्त्यावरून सगळ्या दुव्यांवर क्लिक दिसले तर ते यंत्र.

म्हणून ऑर्डर फॉर्मच्या दुव्याला प्रत्येक अंकाची खूण लावली, ती ऑर्डरीसोबत शीटमध्ये येते. खूण देवनागरीत ठेवायची नाही: वेबपत्त्यात एका चिन्हाची नऊ चिन्हं होतात, टक्क्यांच्या माळा लागतात. कोणी तो दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला की फसवणुकीचा वाटतो. दुवे छोटे करणाऱ्या फुकट सेवाही नकोत, तीच डोमेनं स्पॅमवाले वापरतात.

१७ मार्च

चार जणांची तक्रार: पत्र अचानक बंद झालं. नोंद पाहिली तर चौघांनी 'अनसबस्क्राइब' केलेलं, चौघांचे पत्ते ऑफिसचे. वरचंच यंत्र: त्याने दुवा दाबला, आणि आपला दुवा उघडताक्षणी नाव काढत होता. आता दुव्यावर एक पान उघडतं आणि 'होय, थांबवा' हे बटन दाबल्यावरच नाव निघतं. मेलच्या शीर्षभागातलं एका क्लिकचं अनसबस्क्राइब मात्र वेगळं. तिथे मेल अ‍ॅप 'पोस्ट' पद्धतीने विनंती पाठवतं, नुसता दुवा उघडणाऱ्या यंत्राने ती जात नाही. ते लगेच काम करायलाच हवं. त्या चौघांना फोन करून विचारून पुन्हा घेतलं.

पानावर दुसरा पर्यायही ठेवला: 'वर्षातून एकदाच, हंगाम सुरू होताना कळवा'.

जीमेलवरच्या स्पॅम तक्रारी गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतात, पण लहान यादीला तिथे बहुधा कोरा तक्ता मिळतो. मर्यादा लक्षात ठेवायची: ०.१ टक्क्याच्या खाली राहायचं, ०.३ ला शिवायचंही नाही. हजार मेलमागे तीन माणसं.

२८ मार्च, शुक्रवार

पाडव्याचा अंक आज गेला, पाडवा रविवारी. सणाच्या दिवशी इनबॉक्स बँकांच्या आणि विमावाल्यांच्या शुभेच्छांनी तुंबतो. आपल्या पत्रात शुभेच्छा एका ओळीत, बाकी तोडीची खबर.

चूक: पेटी पाठवण्याची तारीख मजकुरात ३ एप्रिल, बटनाखाली ४ एप्रिल. दुरुस्तीचा मेल कोणाला? शुद्धलेखन चुकलं तर कोणालाच नाही. तारीख किंवा पैसे चुकले तर फक्त ज्यांनी दुवा दाबला त्यांना, एका ओळीत. आजपासून तारीख, भाव आणि फोन नंबर मजकुरात एकाच ठिकाणी लिहायचे.

१५ एप्रिल, मंगळवार

अक्षय तृतीयेचा अंक. ३० एप्रिलपासून मागे मोजलं. फळ घरी पिकायला ६ ते ८ दिवस, त्यातच वाहतुकीचे दोन. म्हणजे खोका २२ ला निघायला हवा. तोड आणि भरणी २० आणि २१. ऑर्डर १९ ला रात्री बंद. पत्र आज. १८ ला आठवण, पण फक्त ज्यांनी दुवा दाबला आणि ऑर्डर दिली नाही त्यांना. हे गणित पत्रातही छापलं: '१९ नंतर ऑर्डर घेत नाही, कारण फळ सणाला कडकच राहील.' 'त्वरा करा'पेक्षा हे वाक्य जास्त काम करतं, कारण ते खरं आहे.

बटन थेट ऑर्डर फॉर्मवर नेत नाही, मधल्या पानावर नेतं. पत्र दोन दिवसांनी उघडणारेही असतात. माल संपला की मेल बदलता येत नाही, पण ते पान बदलता येतं: 'ही तोड संपली, पुढची अमुक तारखेला, नाव नोंदवा'.

६ मे

डीमार्कचे अहवाल चाळले. एक्सएमएल फाइली, वाचायला रटाळ. त्यांत न दिसणारा एक घोळ वेगळा सापडला: वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म ग्राहकाचाच पत्ता 'प्रेषक' म्हणून लावून मालकांना मेल पाठवत होता. सही जुळत नाही, म्हणून चौकश्या स्पॅममध्ये पडत होत्या. प्रेषक आपला पत्ता, 'रिप्लाय-टू'मध्ये ग्राहकाचा, असं केलं. दोन आठवडे स्वच्छ अहवाल आले की धोरण 'नन'वरून 'क्वारंटाइन'वर न्यायचं, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका.

२ जून

हंगाम संपला, पाठवणी बंद. शेवटच्या अंकात विक्री नव्हती, एकच प्रश्न होता: किती फळं साक्याची (आतून पांढरट, स्पंजासारखी) निघाली? उत्तरं तोडीच्या तारखेप्रमाणे लावून ठेवली, बागेतल्या लोकांना हवी आहेत.

ज्यांनी पूर्ण हंगामात ना क्लिक केलं, ना उत्तर दिलं, ना पेटी घेतली, त्यांना 'वर्षातून एकदाच'च्या गटात टाकलं. पुसलं नाही. आंबा वर्षातून एकदाच घेणारा माणूस मार्चमध्ये गप्प असला तरी पुढच्या एप्रिलमध्ये गिऱ्हाईक असू शकतो.

बाकी कामं: डोमेनचं नूतनीकरण ऑगस्टमध्ये, आपोआप होण्यावर सोडायचं नाही. नोव्हेंबरात मोहोराचा अंक, त्याचा फोटो एकाच कलमाचा, दर आठवड्याला त्याच जागेवरून काढायचा. त्यासाठी कुंपणाच्या खांबावर खूण करून ठेवली आहे.